डब्यातली तुळस

नार्व्याच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत होतो, तेवढ्या अर्ध्या तासात आईने मांडीवरचा डबा एकदाही खाली ठेवला नाही. पाच लिटरचा खोबरेल तेलाचा पत्र्याचा डबा, वरचं झाकण कापून काढलेलं, आत सुर्ल्याची लाल माती आणि मातीत तुळस. मागे पिकअपमध्ये आमचं सगळं घर रचलं होतं. लोखंडी कपाट, दोन खाटा, गॅस, देव्हारा आणि तीन माणसांनी उचलून चढवलेला वाटणाचा रगडा. आई पुढच्या सीटवर ड्रायव्हरच्या शेजारी बसून त्या तुळशीची पानं मोजत असल्यासारखी खाली बघत होती.

मी मात्र गाडीबाहेर उभी राहून धुमसत होते. माझा स्वभावच तापट. आरोग्य केंद्रात मला सगळे घाबरतात ते सुईमुळे नव्हे. पण त्या सकाळी माझ्याकडे रागावायला सबळ कारणं होती. माझी बदली दिवाडी बेटावरच्या उपकेंद्रात झाली होती आणि नर्सने बेटावरच राहायचं असा हुकूम होता. पन्नाशीला टेकलेल्या, म्हाताऱ्या आईला सांभाळणाऱ्या एकट्या बाईलाच बेटावर पाठवायचं हे कोणाच्या डोक्यातून निघालं ते मला आजवर कळलेलं नाही. भावाचा साखळीला फ्लॅट आहे. पण तिसऱ्या मजल्यावर तुळस ठेवली तर पाणी खालच्यांच्या कपड्यांवर गळतं, म्हणून तुळस नको, आणि तुळस नको म्हटल्यावर आई नको म्हणायची गरजच उरली नाही. सुर्ल्याचं घर तर त्याच पावसाळ्यात गेलं होतं. खाण चालू होती तेव्हा ट्रकांनी ते हादरवलं. खाण बंद पडली तेव्हा खड्ड्यात पाणी साठून त्याच्या पायाला ओल आली. खाण पुन्हा सुरू होणार असं सगळे म्हणू लागले आणि त्याच आठवड्यात मागची भिंत आडवी झाली. घर पडलं म्हणून पंचनामा करायला आलेल्या माणसाने मला विचारलं, "भिंत मुळातच कच्ची होती का?" त्याला मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नार्व्याला सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. देव मूळचा पलीकडच्या बेटावरचा. पोर्तुगिजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा लोकांनी त्याला नदी ओलांडून अलीकडे आणलं. आईने गाडीतूनच देवळाच्या दिशेने मान वाकवली, कारण हात डब्याला गुंतलेले होते.

"देव थंयसून हांगा आयलो," ती म्हणाली, "आनी आमी हांगासून थंय."

फेरी लागली. पिकअप उलटी चढवावी लागली. खलाशाने साखळी ओढली आणि फळी वर आली. आमच्या मागोमाग भाड्याच्या स्कूटरींवरून चार पर्यटक चढले होते, चौघांच्याही डोक्यावर एकाच दुकानातल्या टोप्या. त्यातल्या एकीने गाडीच्या खिडकीत फोन घातला आणि आईचा, डब्याचा आणि तुळशीचा फोटो काढला. मग "आंटी, थोडा स्माइल," असं म्हणून आणखी एक. आई गोंधळून खरोखरच हसली. मी त्या मुलीला हिंदीत विचारलं की तिच्या आजीचं घर कोसळून ती सामानासकट रस्त्यावर आली, तर लोकांनी फोटो काढावेत का. मुलगी सॉरी म्हणाली आणि फोटो पुसला, म्हणजे पुसल्यासारखं केलं. साखळीपाशी उभा असलेला खलाशी हसला. तो पेडण्याकडचा, पन्नाशीचा, विडीने काळे पडलेले ओठ. पुढे त्याची ओळख वाढायची होती.

"सिस्टर, इतको राग घेवन बेटार रावचें ना," तो म्हणाला. "हांगा फेरी चुकली की माणूस आपसूक थंड जाता."

घर मिळालं होतं ते एका ख्रिस्ती बाईचं. तिला सगळे आंटी म्हणत, मीही म्हणू लागले. पंचाहत्तरीची, काटकुळी, अंगात फिकट झगा, चष्म्याला मागून दोरा बांधलेला. मुलगा बोटीवर, सून वास्कोला. मोठं कौलारू घर, पुढे बाल्कांव म्हणजे कट्टे असलेली ओसरी, अंगणात पांढरा खुरीस म्हणजे क्रूस आणि त्याच्यावर अबोलीचा हार. घराच्या बाजूला स्वतंत्र दार असलेल्या दोन खोल्या आम्हाला दिल्या होत्या. खोल्या स्वच्छ होत्या, जनेलांतून नदीचा वारा येत होता, विहीर गोड्या पाण्याची होती. सामान उतरेपर्यंत मला वाटलंसुद्धा की चला, इथे तरी नशीब बरं निघालं.

मग आंटीने नियम सांगायला सुरुवात केली. ती कदेल ओढून आमच्या दारात बसली आणि बोटांवर मोजल्यासारखं एकेक सांगत गेली. भिंतीला खिळा मारायचा नाही. गॅसच्या पुस्तकावर या घराचा पत्ता घालायचा नाही. आधार कार्ड, मतदान कार्ड, काहीही इथल्या पत्त्यावर करायचं नाही. अकरा महिन्यांचा कागद, मग पुन्हा नवा. मी हो हो म्हणत होते. भाड्याच्या घरात मी यापूर्वी राहिले नव्हते, आणि मला वाटलं हे असंच असतं.

आई तोवर अंगणात उतरली होती. खुरसापासून बऱ्याच अंतरावर, आमच्या दारासमोर, एक मोकळी जागा होती. आईने डबा तिथे टेकवला आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरून पाहिली.

"बरी माती," ती म्हणाली. "सकाळीं लावया."

आंटी कदेलवरून ताडकन उठली. त्या वयात कोणी इतक्या चपळाईने उठतं हे मी प्रथमच पाहिलं.

"जमनींत नाका," ती म्हणाली. "डब्यांत आसूं दी. म्हज्या आंगणांत कोणेंच झाड लावपाचें न्हय. मिरसांग लेगीत न्हय."

मिरचीसुद्धा नाही, असं ती म्हणाली होती. हे मला शब्दन् शब्द आठवतं. त्या एका शब्दावर मी थांबून विचार केला असता तर पुढचा दीड महिना वाचला असता. पण मी ऐकलं ते एवढंच की ख्रिस्ती बाईच्या अंगणात तुळस चालत नाही. माझ्या डोक्याची शीर तटतटली. सामान अजून दारात होतं, पिकअप निघून गेली होती, जायला दुसरी जागा नव्हती, म्हणून मी गप्प बसले. गप्प बसल्यामुळे माझा राग कधीच कमी होत नाही, नुसता मुरतो.

आईसाठी ही तुळस म्हणजे काय होती ते सांगायला हवं. ती रोज अंघोळ करून तुळशीला पाणी घालते आणि मगच चहा पिते. मला आठवतं तेव्हापासून असंच आहे. ताप असो, पाऊस असो, घरात मयत असो. सुर्ल्याच्या अंगणातलं वृंदावन भिंतीखाली सापडून फुटलं तेव्हा तिने ढिगाऱ्यातून मंजिऱ्या वेचल्या, पदरात बांधल्या आणि त्याच डब्यात पेरल्या. रोप पटापट वाढलं. पण डबा तो डबाच. बेटावर आलो तेव्हाच मुळं पत्र्याला लागली होती आणि खालची पानं पिवळी पडायला लागली होती.

"ही जगली तर हांव हांगा रावतां," आईने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "मेली तर म्हाका सुर्ल्याक व्हर. भिंत नासली तरी चलता."

ती हट्टाने म्हणत नव्हती. तिच्या दृष्टीने तो साधा हिशेब होता. आणि सुर्ल्याच्या त्या तीन भिंतींच्या घरात मी तिला नेऊ शकत नव्हते, हे मला पक्कं माहीत होतं. तुळशी लग्न दोन महिन्यांवर होतं. त्याच्या आत तुळस जमिनीत जायला हवी, नाहीतर ती जगत नाही, हे आईइतकं मलाही दिसत होतं.

आंटीला मात्र डबा नुसता जमिनीबाहेर असून भागत नव्हतं. दर तीन-चार दिवसांनी ती तो हलवायची. मी सकाळी उन्हात, कपडे धुण्याच्या दगडापाशी ठेवून जायची आणि संध्याकाळी परत यावं तर डबा फणसाखाली सावलीत. तिथून उचलून पुन्हा दगडापाशी ठेवला की दोन दिवसांनी विहिरीच्या कठड्यावर. एकदा तर आमच्या उंबऱ्याला टेकवलेला. तुळस काय मांजर आहे का, हिला एका जागी बसवत नाही, असं मी आईजवळ करवादले. आई डबा जिथे असेल तिथे तांब्या घेऊन जायची आणि पाणी घालायची. मला तिच्या त्या गप्प राहण्याचाही राग यायचा. सुर्ल्यात शेजारणीचं कोंबडं आमच्या अंगणात आलं तरी ही बाई अर्धा गाव गोळा करायची, आणि इथे तिच्या देवाची अशी ओढाताण चाललेली असताना तोंडातून एक शब्द निघत नव्हता.

बेटावर बाकी मला लोक चांगले भेटले, हेही सांगायला हवं. उपकेंद्रात येणाऱ्या म्हाताऱ्या माझ्या हातावर केळी ठेवायच्या. पहाटे पोदेर सायकलचा भोंगा वाजवत दारात पाव टाकून जायचा आणि आईची उपासतिथी त्याला तोंडपाठ झाली होती. आंटीसुद्धा एरवी वाईट नव्हती. पाऊस आला की आमचे कपडे आत घ्यायची. मी तिचा रक्तदाब बघायची आणि ती मुकाट्याने हात पुढे करायची. पण पट्टा गुंडाळताना माझ्या मनात एकच असायचं, की या बाईला आमचा देव अंगणात खपत नाही.

लस आणायला मला दर बुधवारी डिचोलीला जावं लागे. परत येताना थंड पेटी पायांत धरून फेरीवर उभी असताना एकदा त्या पेडणेकर खलाशाने विचारलं, घर कसं आहे. मग मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. एवढंच नाही, तर त्या लोकांचं मन किती कोतं असतं, चारशे वर्षांपूर्वी देव घालवला आणि आता तुळसही नको, असंही काहीबाही बोलले. फेरीवर तीन-चार ख्रिस्ती माणसं होती. आज ते आठवलं की कान तापतात.

खलाशाने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं.

"सिस्टर, तुमी डिचोलीच्योच मगो?" तो म्हणाला. "भाटकाराच्या जमनींत तुळस लायली म्हणजे कितें जाता तें तुमकां खबर ना? तुळस लायली, मुंडकार जालो. ती देवाक भियेना. ती तुमकां भियेता."

आता गोव्याबाहेरच्या माणसाला हे सांगायला लागेल. भाटकार म्हणजे जमीनमालक. त्याच्या जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहणारा तो मुंडकार. कायद्याने मुंडकाराला त्या घरातून काढता येत नाही, आणि ते घर त्याच्या नावावरही होऊ शकतं. मग वाद झाला की पुरावे शोधतात. कोण किती वर्षं राहतं, चूल कोणाची, माड कोणी लावला आणि दारातली तुळस कोणाची. भाड्याने, कागद करून राहणाऱ्या नर्सला हा कायदा लागू होतो की नाही हा भाग वेगळा. ज्याची जमीन गेली आहे तो कागद बघत नाही, तुळस बघतो.

मला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू? माझं बालपणच त्या कायद्यावर वाढलं. सुर्ल्याचं आमचं घर मुंडकाराचंच होतं. भाटकाराला ती जागा खनिजाचे ढीग टाकायला द्यायची होती, आम्हाला उठवणार होता, आणि बाबांनी मामलेदारांकडे दावा लावून ते घर मिळवलं. मी तेव्हा रांगत होते. दरवर्षी तुळशी लग्नाला बाबा पाहुण्यांपुढे ती गोष्ट सांगायचे. मामलेदार स्वतः जागेवर आले, आणि बाबा वृंदावनावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, माणूस खोटें उलयत, तुळस उलोवची ना." ही गोष्ट सांगताना त्यांची छाती फुगायची आणि माझीही. आंटी आम्हाला घाबरते हे ऐकून माझा राग थंड व्हायला हवा होता. तो दुप्पट झाला. देवाचा दुस्वास एक वेळ समजू शकते. पण आम्ही घर बळकावणारे? आम्ही, ज्यांनी स्वतःचं घर सचोटीने, कोर्टाची पायरी चढून मिळवलं?

त्या रागातच मी घरी आले. अंगणात पाहते तर डबा पुन्हा हललेला. या वेळी तो खुरसामागच्या भिंतीला लावून ठेवला होता आणि ओढताना तुळशीची एक फांदी मोडून लोंबत होती. खालची सगळी पानं गळलेली.

मी लसीची पेटी पायरीवर ठेवली आणि बाल्कांवावर चढले. आंटी तांदूळ निवडत बसली होती. मी सगळी शिल्लक बाहेर काढली. आम्ही चोर वाटलो का. अकरा महिन्यांचा कागद मी वाचून सही केला आहे. तुमच्या खुरसाला मी कधी बोट लावलं आहे का, मग आमच्या तुळशीला हात लावायचा तुम्हाला काय अधिकार. माझ्या आईचा जीव त्या डब्यात आहे. तुळस मेली तर ती इथे राहणार नाही आणि तिला ठेवायला मला दुसरं घर नाही, तर ते पाप कोणाच्या माथी. हे सगळं मी ओरडून बोलले. पलीकडच्या घरातला रेडिओ कोणीतरी बारीक केला.

आंटीने सूप बाजूला ठेवलं.

"खुरसाचें कितें?" ती म्हणाली. "तुळशीचेर म्हजो राग ना. डब्याचें तळ कुसलां, सिस्टर. मुळां भायर सरल्यांत. खंय दवरता थंय जमनीक धरता. म्हणून हांव हालयतां."

डब्याचा तळ सडला होता आणि जिथे ठेवावा तिथे मुळं जमीन धरत होती, म्हणून ती तो हलवत होती. मग तिने माडांच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे एक चिऱ्यांची भिंत होती. मला ती रोज दिसायची. माडांच्या रांगेच्या मधूनच गेलेली, वेडीवाकडी. तिच्या पलीकडे एक पिवळं घर, पुढे टाइल्स लावलेलं सुंदर वृंदावन.

"म्हज्या घोवान तांकां दोन म्हयन्यां खातीर कूड दिल्ली. ताणीं तुळस लायली. तीं गांवाक गेलीं की हांवेंच तिका उदक घालें." तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "तीं वायट मनशां नासलीं. तुज्या परस बरीं. ताणीं म्हजेर केन्ना आवाज चडयलो ना."

दोन महिन्यांसाठी खोली दिलेली माणसं तुळस लावून कायमची राहिली होती, तरी आंटीला ती माझ्यापेक्षा बरी वाटत होती. मला कानाखाली बसल्यासारखं झालं, पण माघार घेईन तर मी कसली. मी म्हटलं, ते असतील तसे, आम्ही तसे नाही. आमचं घर आमच्या हक्काचं होतं. माझ्या बापाने मामलेदारांपुढे...

"राव गो," मागून आई म्हणाली.

ती बाल्कांवाच्या खालच्या पायरीवर येऊन उभी होती. तिने पदर सावरला आणि पायरीवरच बसली, आमच्याकडे पाठ करून, डब्याच्या दिशेला तोंड करून.

"सुर्ल्याची तुळस हांवें लायली न्हय," ती म्हणाली. "भाटकारणीन लायली."

मी म्हटलं, काय बोलतेस. ती बोलतच राहिली, तांदूळ निवडताना बायका बोलतात तशा आवाजात. ती नवी नवरी म्हणून त्या घरात आली तेव्हा दारात तुळस नव्हती. पहिलं मूल पोटातच गेलं. भाटकारीण तिला बघायला आली आणि म्हणाली, दारात तुळस नाही म्हणून घर असं ओकंबोकं वाटतं. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या अंगणातलं रोप घेऊन आली, खाली बसून आपल्या हाताने खड्डा काढला आणि लावलं. वृंदावनाचे चिरेही तिनेच पाठवले. मग भाटकाराने जागा खाणीला द्यायची ठरवली. बाबांनी दावा लावला. मामलेदार आले तेव्हा भाटकार आला होता आणि त्याच्याबरोबर भाटकारीणही. मामलेदारांनी विचारलं, ही तुळस कोणी लावली?

"तुज्या बापायन म्हजेकडेन पळयलें," आई म्हणाली, ती नजर अजून दिसत असल्यासारखी. "तूं म्हज्या कडेर आशिल्लें. हांवें सांगलें, हांवें लायली."

"आनी ती?" हे आंटीने विचारलं.

"तिणें म्हाका पळयलें. मागीर आपल्या हातांकडेन पळयलें. कितेंच उलयली ना."

भाटकारणीने तोंड उघडलं असतं तर आमचं घर त्या दिवशी गेलं असतं. तिने ते उघडलं नाही. नवऱ्याशेजारी उभी राहून ती नुसती आपल्या हातांकडे बघत राहिली. त्यानंतर ती पुन्हा आमच्या दारात आली नाही आणि आईचीही तिच्या दारात जायची छाती झाली नाही. ती मेली तेव्हा आई गेली होती, पण बाहेरच्या बाहेर उभी राहून आली.

मी बाल्कांवावर उभी होते आणि मला कोणावर तरी ओरडायचं होतं. बाबांवर ओरडायचं, तर त्यांना जाऊन दहा वर्षं झाली. आणि खरं सांगायचं तर त्यांनी तसं केलं नसतं, तर मी ट्रकांच्या धुळीत कुठल्या झोपडीत वाढले असते देव जाणे. त्यांनी वृंदावनावर हात ठेवून म्हटलेलं ते वाक्य मी शाळेच्या निबंधात लिहिलं होतं. आईवर ओरडायचं, तर ती तिथे पायरीवर एवढीशी होऊन बसली होती. इतकी वर्षं तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा न पिणारी माझी आई. मी ती भक्ती समजत होते.

आईने मान वळवली आणि आंटीला म्हणाली, "तूं लाय गो. तुज्या हातान. तुजी म्हूण लाय. आमी नुसतें उदक घालतलीं."

आंटीने त्या चिऱ्यांच्या भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरोवन दी."

लिहून द्या. एवढं ऐकल्यावरही तिला कागद हवाच होता. माझं पित्त पुन्हा उसळलं, आणि मला ते लपवायचंही नाही. पण आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी आत जाऊन उपकेंद्राच्या वहीचा कोरा कागद फाडून आणला. बाल्कांवावर बसून लिहिलं की या घराच्या अंगणातील तुळस घरमालकिणीने स्वतःच्या हाताने लावलेली असून ती तिच्याच मालकीची आहे, तिच्यावर आमचा कसलाही हक्क नाही व पुढेही राहणार नाही. राग इतका होता की पेनाने दोन ठिकाणी कागद फाटला. आईला सही येते, चौथीपर्यंत शिकली आहे. तिने चष्मा लावून प्रत्येक शब्द वाचला आणि खाली नाव लिहिलं. मामलेदारांपुढे तिने काय सांगितलं होतं ते मी कुठल्या कागदावर पाहिलेलं नाही, पण याच हाताने त्याच्याखालीही सही केली असणार. आंटीने कागदाची घडी केली आणि झग्याच्या खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तुळस लावली. डबा कात्रीने कापावा लागला, पत्रा पार सडला होता. सुर्ल्याच्या मातीचा गोळा मुळांनी घट्ट धरलेला निघाला. आंटी गुडघे टेकून बसली, कारण तिला उकिडवं बसता येत नाही, आणि हाताने माती सारखी केली. आईने मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, "तूं हात लावूं नाका." तिने ते तुसडेपणाने म्हटलं की कागदाला धरून म्हटलं, मी सांगू शकत नाही. आईने हात मागे घेतला.

तुळस जगली. तुळशी लग्नापर्यंत तिला नवी पालवी आली. ऊस, चिंचेची आणि आवळ्याची डहाळी मी आणली, तुळशीचा नवरा म्हणून शेजारी रोवायची दिंड्याची काठी खलाशाने पेडण्याहून आणून दिली. अंतरपाट धरायची वेळ आली तेव्हा आई आंटीला म्हणाली, तुळस तुझी, मग मुलीकडची तू. आंटी बाल्कांवातून खाली उतरली नाही, पण लग्न लागेपर्यंत उभी राहिली आणि नंतर फोवांची, म्हणजे पोह्यांची, वाटी मागून घेतली. आम्ही बेटावरच आहोत. अकरा महिन्यांचा कागद दोनदा नवा झाला.

पण रोज सकाळी एक गोष्ट घडते आणि रोज सकाळी माझा जीव जळतो. आई अंघोळ करते, तांब्या भरते, तुळशीपाशी जाते आणि थांबते. बाल्कांवाकडे तोंड करून विचारते, "घालूं गो उदक?" असं विचारायचं कागदात कुठेच लिहिलेलं नाही, मीच लिहिला आहे तो. आंटी आत असते, कधी प्रार्थना चालू असते, कधी चूल, कधी तिला ऐकूच येत नाही. दोन मिनिटं जातात, कधी पाच. माझा चहा निवतो, फेरी चुकायची वेळ येते. मी एकदा म्हटलं, घाल की, ती काय नाही म्हणणार आहे? आईने माझं बोलणं ऐकलंच नाही. एवढा वेळ वाट पाहायला तिची हरकत नाही, ते मला दिसतं. जिला हे विचारायला हवं होतं तिला विचारायचं राहून गेलं, तेही मला कळतं. तरीही माझी म्हातारी आई ओल्या केसांनी, भरलेला तांब्या दोन्ही हातांत धरून, दुसऱ्याच्या अंगणात परवानगीसाठी उभी राहते, हे मला आजही सहन होत नाही.

मग आतून आवाज येतो, "घाल."